वाटेत हरवलेला अँपिअर

छत्री होती, पण ती त्याने डोक्यावर धरलीच नव्हती! रेवदंड्याच्या धक्क्यावर हस्ताचा पाऊस कोसळत होता आणि बोटीतून उतरलेला हा उंच माणूस स्वतः चिंब भिजत एका लाकडी पेटीवर छत्री धरून चालला होता. मला हसू आलं. जरा मोठ्यानेच आलं असणार, कारण तो थांबला.

"गिरणीवाले दिनानाथ पाटील कुठं राहतात?"

"माझे बाबाच ते. पेटीत काय आहे... नवरी?"

"मीटर आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "पण जपायचं तसंच."

त्याचं नाव अंबाजी. मूळचा पेणकडचा, मुंबईत विजेची कामं करणारा कारागीर. चौतीस सालची गोष्ट. बाबांनी भाताच्या गिरणीच्या इंजिनावर डायनामो बसवला होता आणि तिथून तारा ओढून घरात पाच दिवे लावले होते. गावात पहिले विजेचे दिवे आमचे! पण महिनाभर ते नुसते मिणमिणत होते आणि लोक येता-जाता कंदील हवा का म्हणून विचारत. बाबा चिडलेले. त्यांनी अंबाजीला दारातच ऐकवलं, "शुक्रवारपर्यंत दिवे नीट लागले तर ठीक. न्हाय तर तुझ्या शेटला चिठ्ठी जाईल, कारागीर कुचकामी हाय म्हणून."

इंजिन मला चालवता येई, म्हणून त्याच्या मदतीला मीच. त्याने पेटी उघडली. आत काच, काचेखाली एक बारीकसा थरथरता काटा.

"दाब मोजायचा तर तार तशीच ठेवून मीटरची दोन टोकं बाहेरून दोन तारांना लावायची," तो सांगू लागला. "प्रवाह मोजायचा तर मात्र तार सोडवायची आणि मीटर मधे घालायचं. सगळी वीज त्याच्यातूनच गेली पाहिजे, तरच काटा खरं सांगतो."

"आणि प्रवाहाचं मीटर बाहेरून लावलं तर?"

"जळेल. माझी नोकरीही जळेल."

"अगंबाई! आणि हे तुम्ही माझ्या हातात देताय?"

"हो..." तो माझ्याकडे बघत राहिला, मग एकदम काट्याकडे बघू लागला.

आधी इंजिन बंद. मग तार सोडवायची, मीटरची कळ सर्वांत मोठ्या आकड्यावर ठेवायची, टोकं जोडायची, आणि मगच इंजिन सुरू. त्याने माझ्याकडून हे दहा वेळा करून घेतलं. स्क्रू आवळताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागत आणि बाहेर माडांच्या झावळ्यांवरून पाऊस टपटपत राही. मला वाटे, हा दिवस मावळूच नये.

गिरणीपाशी काटा सहा अँपिअर दाखवत होता, ओटीवर पाच. एक अँपिअर वाटेत हरवत होता. वाट म्हणजे आमचं परस. तिथे बायकांची न्हाणी, परका पुरुष तिकडे पाऊल टाकत नसे. अंबाजी तर मानसुद्धा वळवत नसे. म्हणाला, "कोकिळाबाई, तेवढी मागची तार तुम्हीच बघून याल?"

मी गेले आणि कपाळाला हात लावला. वळचणीखालच्या दोन्ही तारांवर येसूबाई आत्याने लोखंडी आकड्यांनी ओले बोंबील टांगले होते! तारांवरचं सुती वेष्टण घासून गेलेलं आणि खारं पाणी एका तारेवरून दुसरीवर ओघळत होतं.

"आत्या, ही काय दोरी आहे?"

"दोरी न्हाय त काय गो? हिच्यावर बेगीन सुकतान!"

आता फक्त दोन शब्द सांगायचे होते. मग दिवे लागणार... आणि उद्याच्या बोटीने तो जाणार. मी परत आले, पदराशी चाळा करत म्हणाले, "तार चांगली आहे."

तीन दिवस मला सुख लागलं, खोटं कशाला बोलू? तो डायनामो उघडी, पुसी, पुन्हा मोजी. मी काटा वाचे. पण त्याचं बोलणं कमी होत गेलं. शनिवारी तो गिरणीच्या पायरीवर डोकं धरून बसला होता.

"मीटर चुकत नाही. म्हणजे मलाच येत नाही हे. परत गेलो की काम सोडतो, शेतावर जातो."

मी पायरीपाशी आले. "नका... परसात तारांवर आत्याचे बोंबील टांगलेत. मला बुधवारपासून माहीत आहे."

"मग सांगितलं का नाहीस?" पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला, तोही रागाने. मी पळतच घरात गेले.

त्याने आत्याला सांगून बोंबील उतरवले, खाली मान घालून परसात आला आणि तारांना नवं वेष्टण गुंडाळलं. माझ्याकडे बघितलंही नाही. दिवेलागणीला पाचही दिवे असे लागले की ओटीवर जमलेला शेजार आ वासून बघत राहिला. बाबा मात्र दौत घेऊन बसले होते.

"एवढ्याशा कामाला तीन दिवस? चिठ्ठी जाणारच."

"जाऊ द्या," अंबाजी शांतपणे म्हणाला. "मागची तार आधी बघायला हवी होती. चूक माझी."

मी ताडकन पुढे झाले. लख्ख उजेडात माझा चेहरा सगळ्यांना दिसत होता, दिसू दे!

"बाबा, चूक माझी आहे. यांनी विचारलं होतं, मीच खोटं सांगितलं. दिवे लागले की हे जातील... म्हणून."

आत्याने पदर तोंडाला लावला, अंबाजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि लेखणी खाली ठेवली.

"तुझी आई कुठं असते रे?"

"पेणला," अंबाजी कसाबसा म्हणाला.

"तिला घेऊन ये."

त्याने मान हलवली, आणि मग तीन दिवसांत प्रथमच हसून, सगळ्यांदेखत, माझ्याकडे बघितलं.