‘या’ म्हणालात, येईन

अमेय, तो दिवा मालव. भुताची गोष्ट आहे म्हणून नाही, माझ्या डोळ्यांवर येतोय म्हणून. सानिका, तू पुढे सरक, आणि मध्येच ‘मग काय झालं काका’ करायचं नाही. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो अजेय बँकेत नऊ वर्षं माझ्या हाताखाली होता. त्याच्या न्यू टाउनच्या फ्लॅटमध्ये मी जेवलोय.

अजेय जन्मला, वाढला इथेच, कोलकात्यात. त्याचं मराठी तुमच्यासारखंच, जेवणाच्या टेबलापुरतं. बायको विनीता मात्र सांगलीची, बोलघेवडी, हसरी. लग्नानंतर सहा वर्षांनी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि अजेयने आपली एक काढून दिली. मिनिटभरही विचार करत बसला नाही. हे त्याच्या बाजूने आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्याला बरंच बोलणार आहे.

दुसऱ्याची किडनी बसवली की शरीराने ती झिडकारू नये म्हणून जन्मभर गोळ्या. त्या गोळ्यांनी माणसाची प्रतिकारशक्ती पार खाली येते. म्हणून दर मंगळवारी सकाळी ओपीडी. अजेय रजा टाकायचा, तिला न्यायचा, नंबर लावायचा, रक्त तपासून झालं की घरी आणायचा. साधं काम.

तिथे बाकावर तिला भेटला अविनाश. मूळचा मिरजेचा, केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन आलेला. त्यालाही किडनी बसवलेली. सांगली आणि मिरज, मग काय विचारता! कुठल्या गल्लीत कोणाचा भडंग चांगला इथपासून सुरुवात. एकदा अविनाश म्हणाला, “आज डॉक्टर फारच भाव खातोय.” अजेयने मनापासून विचारलं, “कोणाशी?” बंगालीत भाव म्हणजे जवळीक, प्रेम. तो बिचारा त्याच अर्थाने गेला. ती दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्याला कोणी समजावून सांगितलं नाही.

“काका, किडनी माझी आणि हसू त्याचं,” असं तो मला म्हणाला होता. जळत होता. रात्री झोप लागत नव्हती, इतका जळत होता.

डिसेंबरात अविनाशला खोकला लागला. कोरडा, थांबून थांबून येणारा. ओपीडीत मोठी पाटी होती, खोकला असेल तर आधी सिस्टरला सांगा, वेगळ्या खोलीत बसा. अविनाशने सांगितलं नाही. गप्पा सोडून वेगळ्या खोलीत एकटं कोण बसणार? अजेयने पाटी वाचली होती. तो विनीताला म्हणाला, “त्याच्याजवळ बसू नकोस, तो खोकतोय.”

“खोकल्याचं निमित्त कशाला? जळतोस तू,” ती म्हणाली.

ते खरं होतं, म्हणून हा गप्प बसला. सिस्टरशीही बोलला नाही. मला त्याचा इथे राग येतो. अरे, जळत होतास तर जळ, पण तोंड उघड ना!

दोन वर्षांपूर्वीची नऊ जानेवारी, मंगळवार. ओपीडी संपली, टॅक्सी आली, तरी ह्यांच्या गप्पा संपेनात. शेवटी अजेय ताठ आवाजात म्हणाला, “बरं, या आता.” म्हणजे निघा. अविनाश खोकत खोकत हसला.

“या म्हणालात! बघा हं, येईन.”

विनीताने अजेयचा दंड धरला. “हॉस्पिटलच्या दारात कोणाला ‘या’ म्हणू नये रे. एवढंही कळत नाही?”

शुक्रवारी अविनाश गेला. छातीत बुरशीचा जंतू होता. आपल्या छातीत गेला तर आपल्याला पत्ताही लागत नाही, पण ह्या गोळ्या खाणाऱ्यांची फुप्फुसं तो भरून टाकतो. आणि हवेतून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. एका बाकावर बसलेल्यांकडे.

शनिवारी हॉस्पिटलमधून फोन आला. अविनाशबद्दल सांगितलं आणि विचारलं, तुमच्या मिसेसना खोकला आहे का? असेल तर आजच आणा. बुधवारपासून विनीता खोकत होती. अजेय म्हणाला, “मंगळवारी आणतोच आहे.” का, विचारा. न्यायचं तर कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगितलं की ती अविनाशसाठी रडली असती. ते रडणं त्याला बघायचं नव्हतं. तीन दिवसांनी काय बिघडतंय, असं त्याने स्वतःला समजावलं.

सोमवार, पंधरा जानेवारी. संक्रांत. विनीताने दम लागत असताना तिळाचे लाडू वळले. पाच लाडू वेगळे काढून डबीत ठेवले. “उद्या अविनाशना देईन,” म्हणाली. अजेय ती डबी बघत राहिला.

खोकल्याने त्याची झोपमोड नको, म्हणून तिने त्याला बाहेरच्या खोलीत झोपायला लावलं.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी त्याला जाग आली. आत कोणीतरी बोलत होतं.

विनीता. हसत होती. मग खोकली.

आणि तिचा खोकला थांबल्यावर… दुसरा खोकला आला. जड. पुरुषाचा. कोरडा, थांबून थांबून.

तो उठला. दार अर्धं उघडं होतं.

ती पलंगाच्या कडेला, खिडकीशी बसली होती. शेजारी खुर्ची ओढलेली. रिकामी. पण खुर्चीवरची उशी… मधोमध दबलेली.

“बसा ना,” विनीता म्हणाली. “इतक्यात कुठे निघालात?”

बसा. नवऱ्याला ती ‘तू’ म्हणायची.

“काका, भीती नंतर वाटली,” अजेयने मला सांगितलं. “आधी राग आला. माझ्या घरात. माझ्या खोलीत. आणि ती तशीच हसत होती.”

तो दारातून ओरडला.

“जा!”

सगळं थांबलं. दोन्ही खोकले. पंखा बंद होता, बाहेर कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

आता नीट ऐका. मराठीत ‘ये’ वेगळं आणि ‘या’ वेगळं. बायकोला ‘ये’, पाहुण्याला ‘या’. पण ‘जा’? ‘तू’लाही जा. ‘तुम्ही’लाही जा. एकच.

विनीताने मान वळवली. त्याच्याकडे बघितलं.

“बरं,” ती म्हणाली.

आणि आडवी झाली. खोकला नाही. काही नाही. अजेयला वाटलं, गेला तो. तिला शांत झोप लागली. उद्या सकाळीच नेऊ, सगळं सांगू. तो तिच्या पायाशी बसून राहिला आणि तिथेच त्याचा डोळा लागला.

सहाला उठून त्याने तिच्या कपाळाला हात लावला. विनीता गेली होती.

डॉक्टर म्हणाले, शनिवारी आणलं असतं तर औषध होतं. एवढंच म्हणाले.

तेराव्याला मी गेलो. अजेय मला आतल्या खोलीत घेऊन गेला. दुपारचे बारा, खिडकीवर थेट ऊन, काच हाताला गरम लागत होती. आणि त्या काचेवर, आतल्या बाजूने, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, वाफेचे दोन गोल. थंडीत काचेवर श्वास सोडला की उमटतात ना, तसे. अगदी शेजारी शेजारी. कडा एकमेकींना लागलेल्या.

“रोज बघतो. वाळत नाहीत,” तो म्हणाला.

“मग पूस ना रे!”

त्याने बाही पुढे ओढली. हात काचेपर्यंत नेला. डाव्या गोलापाशी थांबला, मग उजव्यापाशी.

“एकच पुसायचाय, काका,” तो म्हणाला. “पण ह्यातला तिचा कोणता…?”