समोर येऊन सांगेन तेव्हाच

संदेशने दारात बूट काढले नाहीत आणि उत्तराचं डोकं तिथेच फिरलं.

"अहो, आत्ता लादी पुसलीय!"

"रबरी सोलचे आहेत, काकू. काम संपेपर्यंत पायातून निघणार नाहीत. चालत नसेल तर दुसरा माणूस बघा."

दुसरा कुठला बघणार? ठाकुर्लीतला हा जुना फ्लॅट तिच्या नवऱ्याने, सलिलने, स्वस्तात मिळतोय म्हणून घाईने घेतला. याच बाथरूममध्ये एक वायरमन दगावलाय, हे सोसायटीतल्या बायकांनी सामान लागल्यावर सांगितलं. आता गिझरच्या नळाला हात लावला की झिणझिण्या यायच्या. म्हणून उत्तराने चार ठिकाणी चौकशी करून, लायसन्स बघून संदेशला बोलावलं होतं. या घरात पुन्हा कुणाचा जीव जायला नको होता.

"तो कसा गेला, माहितीय?" मेन स्विच पाडत संदेश म्हणाला. "आत तारा उघड्या असताना आधीच्या मालकांनी फ्यूज लावला. अजून शपथेवर सांगतात, आतून त्यानेच हाक मारलेली, 'लावा' म्हणून."

त्याने चिनीमातीचा पांढरा फ्यूज ओढून काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"मुठीतच ठेवा. आवाजावर लावू नका. मी समोर येऊन सांगेन तेव्हाच."

काटेकोर माणूस होता. बुटांचे मातकट ठसे उमटवत तो पॅसेजच्या टोकाला बाथरूममध्ये गेला. पंखा थांबला होता, फ्रिजची घरघर थांबली होती. भर दुपारी पॅसेजमध्ये अंधारलं होतं. आतून टॉर्चचा उजेड आणि पेचकसाची कुरकुर तेवढी येत होती. जळक्या रबराचा वास मघापासून होता की आत्ता यायला लागला, ते तिला आठवेना.

"काकू, लावा."

ती उठली आणि थबकली. "संदेश, तुम्ही बोललात?"

कुरकुर थांबली. "नाही. काय ऐकलंत?"

"लावा म्हणून."

आतला टॉर्चचा उजेड हलला.

"अजिबात लावू नका, काकू. हात तारांवर आहेत माझे. लगेच संपवतो."

देवा, हा माणूस धड घरी जाऊ दे. तिने मूठ आवळली. घामाने फ्यूज निसटू पाहत होता.

मग तो आला. रुमालाने मान पुसत तिच्या समोर उभा राहिला.

"झालं, काकू. लावा आता."

तिने नीट निरखून पाहिलं. तोच चेहरा, तोच शर्ट, खिशाला तेच पेन. मग पायांकडे पाहिलं.

पाय अनवाणी होते.

तिचा जीव भांड्यात पडला. बूट काढले म्हणजे काम संपलं.

तिने फ्यूज बसवला. मेन स्विच वर केला.

पंखा फिरू लागला.

"बसा, चहा टाकते," म्हणत ती वळली. समोर कुणी नव्हतं.

"संदेश?"

बाथरूममधला दिवा लागला होता. त्या उजेडात पुसलेली लादी चकाकत होती. तिच्यावर बुटांचे ठसे होते, सगळे आत जाणारे.