बोहनी अडलेला बाजार

"झेंडा गेला!" चंपत धापा टाकत ओट्यावर आला. "जमादारानं कणगीत हात घातला न् काढला!"

त्याची बहीण रुख्मिणी ताडकन उठली. आज १९४३ची सव्वीस जानेवारी, मंगळवार; काँग्रेसनं ठरवलेला स्वातंत्र्यदिन. शाळेत पोलिसांची तुकडी उतरल्यामुळे पोरांना सुट्टी होती, पण असली सुट्टी वैऱ्यालाही मिळू नये! त्यांचे बाबा, उकंडराव, ऑगस्टपासून अकोल्याच्या तुरुंगात होते. १९३० साली पहिला स्वातंत्र्यदिन आला, तेव्हा त्यांनी गावच्या बाजारात स्वातंत्र्याची प्रतिज्ञा वाचली. पुढं दरवर्षी ते वाशीमला जाऊन वाचत. पोलीस घेऊन निघाले तेव्हा ते रुख्मिणीला म्हणाले होते, "औंदा गावात तू वाच. साल चुकू देऊ नको."

प्रतिज्ञा तिला तोंडपाठ होती. पण ऐकणार कोण? चावडीपुढं पोलीस उभे, आणि गावातलं एकही दार दिवसभर उघडलं नाही.

"आपल्या गावात मानसं राह्यतात का उंदरं?" चंपत संतापला. साल चुकलं होतं.

एकतीस तारखेला, रविवारी, आठवडी बाजार होता. एरवी पोरं दुपारी शेवचिवडा खायला जात. आज आईनं दोघांना सकाळीच मीठ आणायला पिटाळलं. सोबत दोस्त इंद्रभान होता.

"अरे, पाह्य तं!" तो कुजबुजला. "कोनीच काई इकत नाई!"

खरंच! भाजीच्या टोपल्या भरलेल्या, पण एकही तराजू हलत नव्हता. जमादार पिशवी घेऊन फिरत होता.

"ए बाई, मेथी दे!"

"बोहनी नाई झाली," माळव्यावाली सोजरबाई म्हणाली.

"मग कर ना बोहनी!"

"अजून येळ हाये."

पुढच्या टोपलीवरही तेच. जमादाराचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं!

"मावशी, बोहनी कायले अडवली?" रुख्मिणीनं हळूच विचारलं.

"आज तो दिस नाई का, पोरी? तुह्या बापानं कागद वाचला तवा जानेवारीचा शेवटचा आयतवार होता. तवापासून दरसाल त्या बजाराले आमी आंधी उभ्या राह्यतो, मंग बोहनी करतो. तारखा आमाले कायच्या समजतात?"

रुख्मिणीला बाबांचं बोलणं आठवलं. लोक जमावेत म्हणूनच नेत्यांनी जानेवारीचा शेवटचा रविवार धरला होता. त्या साली त्या रविवारी सव्वीस तारीख पडली, एवढंच! पोलिसांनी मंगळवार राखला आणि बायकांनी रविवार.

"इंद्रभान! जमादाराले हालव!"

"साहेब!" इंद्रभान ओरडत धावला. "तिकडं पाराखाली बोहनी झाली! कवळी मेथी हाये!"

जमादार पिशवी सावरत पाराकडं निघाला. चंपत वाटेवर नजर ठेवून राहिला. रुख्मिणी भरल्या टोपल्यांमागं उभी राहिली आणि दबक्या आवाजात तिनं प्रतिज्ञा म्हटली. सगळ्या बायका डोईवर पदर घेऊन उभ्या होत्या. जमादार हात हलवत परतला, तोवर तराजू वाजू लागले होते.

"वाघीन हायेस!" सोजरबाईनं तिच्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. "बापाले सांग, साल चुकलं नाई."

"कसं सांगू? चिठ्ठ्या बंद हायेत."

"मंग आल्यावर सांगजो."

"येतीन का, मावशी?"

सोजरबाईनं मेथीची जुडी उचलून रुख्मिणीच्या ओटीत घातली. त्या दिवसाची तिची बोहनी तीच होती.