बुधवारी या

कॉफीच्या दुकानातले निम्मे दिवे मालवले गेले, तेव्हा कुठे बार्बा लेफ्तेरिसने तोंड उघडलं. बंदराच्या कचेरीत अडतीस वर्षं खर्डेघाशी करून निवृत्त झालेला म्हातारा. बेटावरची पोरं त्याला हक्काने बार्बा, म्हणजे काका, म्हणायची. तरुण सोतिरिस मघापासून कुरकुरत होता की उद्या सणाची सुट्टी, बँक बंद, टपाल बंद, बाजार बंद, आणि सरकारी कचेऱ्या काय, त्या बारमाही.

बार्बा म्हणाला, "बंद दाराला हसू नकोस, पोरा. आपल्या पान्देलिसला विचार. आता टपालातली नोकरी सोडून जाळी विणतो तो. का, ते ऐक."

तारीख चार मे, साल दोन हजार चोवीस, ईस्टरची आदली रात्र. सव्वाअकरा वाजले होते. पान्देलिस देवळाच्या अंगणात उभा होता आणि बायको त्याला दबक्या आवाजात सोलून काढत होती. धर्मपित्याने धर्मकन्येला मेणबत्ती द्यायची आणि मध्यरात्री ती पेटवायची, हा रिवाज. पोरगी रिकाम्या हातांनी उभी. मेणबत्ती याने अथेन्सहून मागवलेली, आणि ती गुरुवारच्या बोटीने येऊन त्याच्याच टपाल कचेरीत पडलेली. स्वतःच आणायला विसरला होता. तो किल्ल्या घेऊन निघाला. आधी बंदरापर्यंत उतार, मग चढत्या चाळीस पायऱ्या, मग कचेरी.

दारावर त्याच्याच हातची पाटी होती : सणानिमित्त बंद. बुधवारी या. त्या वर्षी एक मे ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात आला, म्हणून सरकारने कामगार दिनाची सुट्टी ईस्टरनंतरच्या मंगळवारी ढकलली होती. म्हणजे शुक्रवार ते मंगळवार सगळं कडेकोट. देव शुक्रवारी मेला तो तिसऱ्या दिवशी उठला. कचेरीला उठायला सहावा दिवस लागणार होता.

आणि ही पाटी लागली होती गुरुवारी दुपारी एक चाळीसला. कचेरीची वेळ दोनपर्यंत. पण खाटकाकडून कोकरू आणायचं होतं. शटर अर्धं उतरलं असतानाच म्हातारा आनेस्तिस चाळीस पायऱ्या चढून, धापा टाकत आला होता. त्याचं हृदयाचं औषध त्याच बोटीने आलं होतं. बेटावर औषधाचं दुकान नाही. काठीने शटर ठोकत तो म्हणाला होता, "पोरा, पुडकं दे. सही मागाहून करतो."

पान्देलिसने आतूनच नियम ऐकवला. सहीशिवाय पुडकं देता येत नाही, आणि सहीची वही कपाटात बंद झाली आहे. किल्ली होती त्याच्याच गळ्यात. म्हणाला, बुधवारी या.

आता तीच कुलपं त्याने स्वतःसाठी बिनदिक्कत उघडली. नियम तेवढ्यापुरता देवळात गेला असावा. शटर आतून खाली ओढून घेतलं, मोबाइलच्या उजेडात मेणबत्ती शोधली. तिच्या शेजारीच आनेस्तिसचं पुडकं. त्याने नजर दुसरीकडे वळवली.

शटरवर टकटक झाली.

तीनदा. काठीच्या टोकाची.

म्हाताऱ्याने उजेड पाहिला, पान्देलिसला वाटलं. चोरी पकडली गेली की माणूस लाजत नाही, चिडतो. तोही चिडला. "बार्बा आनेस्तिस, बंद आहे. बुधवारी या."

बाहेर शांतता.

मग शटरला तोंड लावून बोलावं, तसा आवाज. "पोरा… सही… मागाहून…"

त्याने रागाने शटर वर ओढलं.

कोणी नव्हतं. पायऱ्या रिकाम्या. खाली काळं पाणी.

टक.

या वेळी मागे. कचेरीच्या आत. काउंटरवर.

टक…

मोबाइलचा उजेड गेला.

टक…

वळून पाहायचं धाडस त्याला झालं नाही. शटर कसं ओढलं, कुलूप कसं लावलं, काही आठवत नाही. देवळात पोचला तेव्हा घंटा घणघणत होत्या, ख्रिस्त उठला म्हणून लोक एकमेकांना सांगत होते. धर्मकन्येच्या हातात मेणबत्ती कोंबून तो भिंतीला टेकला; ती तिची तिलाच पेटवावी लागली.

आनेस्तिसची शेजारीण जाम्बेता समोर आली. तिच्या हातात मेणबत्ती नव्हती. तिने आवाज चढवला नाही.

"आनेस्तिस गेला. आज दुपारी. शेवटची गोळी गुरुवारी संपली होती. त्या दिवशी तुझ्या शटरपासून परत फिरला, तो पायऱ्यांवरच बसून राहिला. तू कोकरू घेऊन त्याच्या शेजारून गेलास."



बार्बा लेफ्तेरिस थांबला. सोतिरिसने हळूच विचारलं, मग पुडकं?

"जागच्या जागी," बार्बा म्हणाला. "बुधवारी आठ वाजता त्याने कचेरी उघडली. पुडक्याची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. मग गळ्यातल्या किल्लीने कपाट उघडलं. वही काढली. आनेस्तिसच्या नावापुढे सही होती. शाईची नव्हे, काजळीची. बोटाने केलेली. आणि शेजारी वेळेच्या रकान्यात…"

त्याने खिशातलं जुनं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"एक चाळीस."