खडूच्या दोन फुल्या

नवे दिवे बसवून ट्रकवाल्याला मिळणार होतं ते एवढंच: धुक्यातला घाट जरा लवकर उतरता येणार, खड्डा चाकाखाली यायच्या आधी दिसणार आणि मागे लादलेली रोपं न हिंदकळता मुक्कामाला पोचणार. त्याचे जुने पिवळे दिवे म्हणजे मेणबत्तीचे चुलतभाऊ. त्यांच्या जागी आता पांढरेशुभ्र, झगझगीत बल्ब. सौदा सरळ होता. त्यात मुलगी कुठेच नव्हती.

मुलगी होती समोरच्या घरात, वरच्या खिडकीशी.

त्या घराची कोरी भिंत समोरच्या गॅरेजच्या मिस्त्रीने कधीचीच आपली करून टाकली होती. तिच्यावर खडूने दोन फुल्या मारलेल्या. गाडी गॅरेजच्या दारात उभी करायची, दिवे लावायचे आणि उजेडाची वरची कड फुल्यांच्या खाली आणायची. कड वर राहिली, तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपलेच म्हणून समजा. "बल्ब काय, कुणीही बदलेल," मिस्त्री म्हणायचा. "उजेडाला खाली बघायला शिकवणं, हे खरं काम."

त्या संध्याकाळी उजेड अजून शिकायचा होता. ट्रकवाल्याने बटण दाबलं आणि तो पांढरा लोट फुल्या ओलांडून थेट वरच्या खिडकीत शिरला.

"अहो, घर आहे हे! आत माणसं राहतात!"

डोळ्यांवर आडवा हात, सुटलेले केस, दातांत धरलेला केसांचा आकडा... चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून ती नुकतीच घरी आली होती. बोटांवरची काचेची पूड उजेडात चमकत होती. मध्ये धुकं तरंगत होतं, सावकाश, जणू त्यालाही कुठे जायची घाई नव्हती.

"बंद करा ना!"

"करतो... बटण सापडत नाहीये."

"आत्ताच तर दाबलंत!"

"तेव्हा डोळे ठिकाणावर होते."

मिस्त्री नको तितका खोकला.

पुढच्या गुरुवारी ट्रक पुन्हा दारात. "मिस्त्रीकाका, दिवे परत वर गेले वाटतं." मिस्त्रीने दिव्यामागचा स्क्रू फिरवला, मजुरी घेतली, चेहरा कोरा ठेवला. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच.

"तुमचे दिवे फार उनाड दिसतात," खिडकीतून आवाज आला.

"घाटात हादरे बसतात हो."

"बाकीच्या ट्रकांना नाही बसत?"

"त्यांचं मन घट्ट आवळलेलं असतं... म्हणजे, स्क्रू."

ती हसली आणि तिने खिडकी लावून घेतली. पूर्ण नाही. एक फट राहिली, आणि फट राहिली हे दोघांनाही दिसलं.

मग एकदा त्याने मिस्त्रीच्या हाती वर एक रोप पाठवलं. वाटेत वाकलं म्हणे, गिऱ्हाईक घेणार नाही. रोप काठीसारखं सरळ होतं. तिने ते खिडकीत ठेवलं. गुरुवारी खाली दिवे लागले की त्याच्या पानांच्या सावल्या छतावर चढत, मोठ्या होत, हलत... आणि ती अंथरुणावर पडून आपल्याच खोलीत उगवलेलं रान बघत राही. खिडकीच्या काचा ती आता दर गुरुवारी पुसायची. गुरुवारीच का, हे तिने स्वतःला विचारलं नाही. काही प्रश्न न विचारण्यातच फायदा असतो.

तिचे बाबा बस चालवायचे. एका गुरुवारी ते घरी आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले.

"चिमणे, माझे डोळे गेले गं."

"काहीतरीच काय, बाबा!"

"पुलावर एकदम सगळं पांढरं झालं. करकचून ब्रेक मारला. एका बाईची अंड्यांची टोपली उलटली. गेल्या आठवड्यातही असंच झालं होतं." त्यांनी तळहात न्याहाळले. "पुढच्या महिन्यात डेपोत डोळे तपासणार आहेत. नापास झालो तर बस काढून घेतील, टेबलाशी बसवतील. स्टिअरिंग गेलं तर या हातांचं काय करू मी?"

तिने दुकानातून अक्षरांचा तक्ता आणून भिंतीला लावला. बाबांनी शेवटची, मुंगीएवढी ओळसुद्धा घडाघडा वाचली.

"पाठ तर नाही ना?"

"पाठांतर जमलं असतं तर शाळेत नापास कशाला झालो असतो!"

डोळे ठणठणीत होते. म्हणजे खोट उजेडात होती.

"बाबा, हे कुठल्या वारी होतं?"

"गुरुवारी. का गं?"

तिने खिडकीतल्या रोपाकडे पाहिलं. रोप बिचारं सरळच उभं होतं.

पुढच्या गुरुवारी ट्रक आला तेव्हा ती खिडकीत नव्हती. ती रस्त्यावर होती, ट्रकच्या पुढ्यात. त्याला आनंद झाला, आणि तिचा चेहरा बघून तो अर्ध्यातच विरला.

"हा स्क्रू तुम्ही फिरवता. कुठे?"

तो हळूच म्हणाला, "पुलाच्या पलीकडे... रोपांवर पाणी मारायला थांबतो, तिथे. मग इथे यायला कारण मिळतं."

"म्हणजे पूल असाच ओलांडता. दिवे वर करून."

"त्या वेळी रस्त्यावर कुणी नसतं..."

"बस असते. माझे बाबा चालवतात ती. त्यांना वाटतंय, आपण आंधळे होत चाललोय. आज रजा टाकून वर बसलेत."

एरवी वाक्यागणिक फिरकी घेणाऱ्या त्या माणसाने मिस्त्रीकडे हात पसरला. "काका, माझे जुने बल्ब आहेत?"

मिस्त्रीने ते फडक्यात गुंडाळून ठेवले होते. ट्रकवाल्याने ते स्वतःच बदलले, स्क्रू बसवला. भिंतीवर पिवळा, लाजरा उजेड पडला, फुल्यांच्या बराच खाली.

"आणि घाट?" मिस्त्रीने विचारलं.

"सावकाश उतरेन."

"तुम्हाला ठाऊक होतं ना, काका?" ती मिस्त्रीवर उखडली.

"स्क्रू फिरतो ते ठाऊक होतं. मला वाटलं, गॅरेजच्या वळणावर येऊन फिरवत असेल. पूल नव्हता गं ठाऊक." मिस्त्रीने मान खाली घातली, मग तिरकं बघितलं. "काचा गुरुवारीच का पुसल्या जातात, तेही ठाऊक होतं."

ट्रकवाला वर गेला. बाबा पडदा ओढून बसले होते.

"काका, पुलावरचा तो उजेड माझा होता. तुमचे डोळे शाबूत आहेत. चूक माझी."

बाबांनी उठून पडदा सारला. "म्हणजे... बस माझीच?"

"तुमचीच."

ते हसले, डोळे पुसले, पुन्हा हसले. "पण लेका, दिवे वर कशाला करायचास?"

ट्रकवाल्याची नजर दारातल्या मुलीकडे गेली. आता डोळे शाबूत असलेल्या माणसाला तेवढं दिसतंच.

"अस्सं!"

"चुकलो, बाबा."

"अजून काकाच म्हण. घाई करू नकोस."

खाली धुक्यात पिवळे दिवे वाट बघत होते. तो केबिनमध्ये चढला, थांबला.

"आता यायला कारणच उरलं नाही..."

"कारण काढून आलात, तेव्हा काय भलं केलंत?" ती म्हणाली. "आता बिनकारणाचे या."

"मला आवडतेस म्हणून... हे कारण धरायचं का?"

ती लाजली, पण हिशोबाला चुकली नाही. "धरा. पण घाट सावकाश उतरा. मी थांबेन."

बाबा तपासणीत पास झाले. अंडीवाल्या बाईला ट्रकवाल्याने टोपलीभर अंडी नेऊन दिली, वर माफी. मिस्त्रीची गुरुवारची मजुरी बुडाली, आणि त्यावरून तो अजून हळहळतो. छतावरचं रान मात्र तिने गमावलं. पिवळ्या उजेडाला तितकं वर चढता येत नाही. शिवाय सावकाश येणाऱ्या ट्रकची वाटही तिलाच जास्त बघावी लागते. म्हणजे सगळ्यांत जास्त किंमत भरली ती तिनेच. तक्रार नाही. तेवढ्या वेळात काचा लख्ख निघतात.