बिनबटणाचा रेडिओ

धाकट्याचा रेडिओ बॅटरीवर चालत नव्हता, विजेवरही चालत नव्हता. तो घरजावयासारखा फुकटावर चालायचा. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार, एक डायोड, एक हेडफोन, खिडकीबाहेर लटकणारी एरियल आणि न्हाणीघरातल्या नळाला बांधलेलं अर्थिंग, एवढ्या संसारावर मीडियम वेव्हचं स्टेशन कानात कुजबुजायचं. त्याला बंद करायचं बटण नव्हतं. चालू करायचंही नव्हतं.

हा नाद त्याला दादाने लावला. तीन महिन्यांपूर्वी नवी, लांब एरियल टाकायला दादा गच्चीवर गेला होता. तारेला दगड बांधून तो समोरच्या इमारतीवर फेकायचा, असा बेत. मधून विजेची उघडी तार जात होती. गच्चीच्या कठड्यामुळे वरच्याला ती दिसत नसे, म्हणून खाली खिडकीत बसणाऱ्याने बघून सांगायचं, ही दोघांची ठरलेली पद्धत.

दादाने वरून विचारलं, "मोकळं आहे का रे?"

धाकट्याला नेमकं तेव्हाच जुन्या एरियलवर एक नवं स्टेशन लागलं होतं. एका कानाला हेडफोन, बोट गुंडाळीवर. मान न वळवता तो ओरडला, "मोकळं आहे, फेक!"

पुढे पोलिसांना, रेडिओवाल्यांच्या हॉबी क्लबला आणि वहिनीला त्याने एकच सांगितलं. "मी थांब थांब म्हणत होतो. दादाने ऐकलंच नाही."

दादाने जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना पटलं. वहिनीला तर इतकं पटलं की तिने दादाचा फोटो भिंतीवरून काढून कपाटामागे सारला. "हट्टाने गेले, माझा विचार केला नाही," एवढंच म्हणाली. मेलेल्या नवऱ्याशी अबोला धरणारी बाई क्लबात कुणी पाहिली नव्हती.

परवा भर दुपारी धाकटा हवामानाच्या बातम्या ऐकत होता.

"उद्या आकाश निरभ्र राहील," बाई म्हणाली. आणि तिच्या मागोमाग, तिच्याइतक्याच स्वच्छ आवाजात, "मोकळं आहे का रे?"

दोन स्टेशनं एकमेकांत मिसळतात. साध्या सेटचा तो जुनाच रोग. धाकट्याने गुंडाळीवरचा काटा सरकवला. जिथे सरकवला तिथे दादा. एरियल सोडवली, तर खरखर गेली आणि दादा जास्तच नीट ऐकू यायला लागला. अर्थिंग तोडलं. डायोड उपटला. आता हातात उरला नुसता पुठ्ठा आणि तांबं. त्यावर आवाज येत असता तर घरातला झाडूही गायला असता. तरी दादा चालूच.

त्याने हेडफोन काढून खणात कोंबला.

"अरे, विचारतोय मी."

आवाज डावीकडच्या दाढेतून येत होता. तिच्यात चांदी भरलेली होती. असली दाढ रेडिओ पकडते, असं क्लबातले निवृत्त पोस्टमास्तर शपथेवर सांगायचे. त्यांना सगळे हसत. धाकटा सगळ्यांत मोठ्याने.

"भाऊजी, जेवायला येताय ना?" स्वयंपाकघरातून वहिनीने विचारलं.

"आलो" म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि तोंडातून दादा म्हणाला, "मी याला विचारलं होतं गं..."

त्याने फटकन तोंड मिटलं.

वहिनी दारात आली. हातात पळी तशीच. "कोण बोललं?"

त्याने टेबलावरच्या रेडिओकडे बोट दाखवलं. वहिनीने सुटे पडलेले तुकडे पाहिले. "हा तर मोडलाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो दंतवैद्याकडे गेला. तोंड न उघडता दाढ काढून मिळेल का, असं त्याने चिठ्ठीवर विचारलं. दंतवैद्याने चिठ्ठी दोनदा वाचली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी येऊन त्याने दुसरी चिठ्ठी वहिनीसाठी लिहायला घेतली. तिच्यावर खरं काय ते लिहिता आलं असतं. पेन्सिल बराच वेळ हवेत राहिली. मग त्याने लिहिलं, "घसा बसलाय. जेवण नको."

मिटलेल्या ओठांआड दादा आता विचारत नव्हता. तो सगळं पहिल्यापासून सांगत होता, पुन्हा पुन्हा, पाठ करून घेतल्यासारखं.

आज दुपारी वहिनीने त्याच्यासमोर खुर्ची ओढली. मांडीवर वाटी, वाटीत मऊ भात.

"आज तिसरा दिवस, भाऊजी. आ करा."

त्याने मानेनेच नको म्हटलं.

"ह्यांचा आवाज मला कळत नाही होय?"

ती पुढे सरकली. चमचा त्याच्या ओठांना टेकवला. मग लहान मुलाला औषध पाजताना धरतात तसं, अगदी हलक्या हाताने, तिने त्याचं नाक चिमटीत धरलं.

आत, दाढेमागे, दादाने घसा साफ केला.