भुलीची बाटली

वलवणच्या धरणाखाली पत्र्याच्या शेडमध्ये भुलीचा ईथर बनत असे. हनुमंत तिथला केमिस्ट. पुण्याचा पदवीधर असल्याने हाताखालच्या माणसांना तो सरसकट दगड समजे. कामात अवघड असं होतं तरी काय! तीव्र गंधकाम्ल तापवायचं, त्यात अल्कोहोल थेंबाथेंबाने सोडत राहायचं. अल्कोहोलचे दोन-दोन रेणू जोडले जातात, मधलं पाणी सुटतं, आणि ईथरची वाफ गार नळीतून बाटलीत उतरते. तापमान एकशे चाळीस अंशांवर राखलं की झालं.

पण या दिवट्यांनी त्यातही खूळ घुसवलं होतं. शेडमध्ये कोणी कोणाचं नाव घेत नसे. बोलवायचं तर पत्र्यावर टिचकी मारत.

"का रे केरबा?" त्याने एकदा शेडबाहेर भट्टीवरच्या गड्याला विचारलं.

"ठावं न्हाई, सायेब. पयल्यापासनं हाय."

"म्हणजे पहिल्यापासूनच अकलेचा दुष्काळ!"

त्या हिवाळ्यात हनुमंतच्या बायकोचं, लीलाबाईचं, तळेगावच्या इस्पितळात पोटाचं ऑपरेशन ठरलं. जगात त्याला तुच्छ न वाटणारं माणूस ते एकच. इस्पितळातल्या शिळ्या ईथरवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. तिच्यासाठीची बाटली तो स्वतः उतरवायला बसला.

"ही लीलाची," तो केरबाला म्हणाला. "हिला हात लावायचा नाही."

केरबाचा चेहरा उतरला. "नाव नगा घेऊ, सायेब. हितं न्हाई."

हनुमंतला हसू आलं. तो मुद्दाम नळीपाशी वाकला. "लीला! अगं लीला!"

बाटलीत पडणारे थेंब थांबले.

त्याने पारा पाहिला. एकशे चाळीस. नळी गार ठेवणारं पाणी वाहत होतं, अल्कोहोल गळत होतं. नळी मात्र कोरडी. मग थेंब पुन्हा पडू लागले. कुठेतरी कचरा अडकला असेल, त्याने ठरवलं. केरबा तेवढ्यात बाहेर निघून गेला होता. भित्रा लेकाचा!

ऑपरेशन उत्तम झालं. लीलाबाई घरी आली, हिंडूफिरू लागली. तिला देऊन उरलेल्या ईथरची बाटली हनुमंतने शेडच्या फळीवर ठेवली.

एका सकाळी त्याने ओसरीवरून हाक मारली, "लीला!"

ती समोरच भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही.

"लीला!"

विळीचा आवाज चालूच राहिला. त्याने खांदा हलवला तेव्हा तिने पाहिलं. "काय हो? कुणाला बोलावताय मघापासून?"

तिच्या नजरेत थट्टा नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

तो तरातरा शेडवर आला. माणसं बाहेर उन्हात उभी होती. आज कोणी आत जायला तयार नव्हतं.

"मूर्ख कुठले!" तो म्हणाला, पण आवाज चिरकला.

तो एकटाच आत शिरला. भट्टी गार होती.

"लीला," तो हळूच म्हणाला.

हातातलं काम आवरून उठायला लागावा तेवढा वेळ गेला.

"आले हं," फळीवरून लीलाबाईचा आवाज आला.

त्याने बाटली उचलली. बूच घट्ट होतं. तरी आतला ईथर कालच्यापेक्षा बोटभर खाली गेला होता.